पाचारणाचा शोध
लिझ्यूच्या संत तेरेझाचे आत्मचरित्र १८९८ साली, तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाले. मठातच असलेल्या थोरल्या बहिणीने त्यात पुष्कळ फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताचे दर्शन वाचकांस १९५६ मध्ये घडले.

पंधराव्या वर्षी कार्मेल मठात प्रवेश करताच या धर्मभगिनीचा शोध संपला, असे वाटावे. परंतु आठ वर्षांनंतरही योद्धा, धर्मगुरू, हुतात्मा होण्याची आस ती बोलून दाखविते आणि अखेर प्रेम हेच आपले पाचारण, या निर्णयास येते. त्याच सुमारास स्वर्गावरील तिची श्रद्धा काळवंडली होती. तिची भाषा पुष्कळदा लाडिक होते, हे खरे. तथापि तो निर्णय अंधारात घेतलेला आहे, म्हणूनच तो पटतो.