वाहनातील मागोवा यंत्रणा आणि संमतीचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना :

मोटारगाडी विकत घेणे म्हणजे हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य विकत घेणे, ही समजूत विसाव्या शतकाने रूढ केली. विशेषतः अमेरिकी समाजजीवनात गाडी ही केवळ वाहतुकीची सोय नव्हती. कोठे जायचे, केव्हा जायचे आणि कोणाला न सांगता जायचे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्याशी जोडला गेला होता. आज त्याच अमेरिकेत काही वाहनमालक नवी गाडी घरी आणल्यावर तिच्या फ्यूजपेटीचे झाकण उघडतात आणि गाडीची माहिती कंपनीकडे पाठविणाऱ्या यंत्रणेचा फ्यूज काढून ठेवतात. स्वतःच्या मालकीच्या वस्तूचा एक भाग मालकानेच निकामी करावा, ही गोष्ट वरवर पाहता विचित्र वाटते. तिची संभावना यंत्रद्वेष किंवा अतिरेकी संशय अशा शब्दांत केली जाते. प्रस्तुत लेखात या कृतीची चिकित्सा करावयाची आहे. फ्यूज काढणे हा प्रश्नावरील उपाय नव्हे, तर नकार देण्याचा सरळ मार्ग वाहनमालकाला ठेवलेला नाही याचा तो पुरावा होय, असे येथील प्रतिपादन आहे.

यंत्रणेचे स्वरूप :

जनरल मोटर्स या कंपनीने १९९६ साली ‘ऑनस्टार’ ही सेवा सुरू केली. अपघातात मदत मिळावी, चावी आत राहिल्यास दार उघडता यावे, चोरीला गेलेली गाडी सापडावी, असे तिचे प्रयोजन होते. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत या प्रकारची यंत्रणा कारखान्यातच बसविलेली असते. मोबाइल जाळ्याशी जोडणारा मोडेम, उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ओळखणारा भाग आणि अँटेना हे तिचे मुख्य घटक होत. ती गाडीच्या अंतर्गत संगणकजाळ्याशी जोडलेली असल्यामुळे वेग, ब्रेक, पट्टा, दारे यांची माहिती तिच्यापर्यंत पोहोचते. एअरबॅग उघडताच मदतकेंद्राला संदेश जातो तो याच मार्गाने, आणि चालकाने किती वेळा जोरात ब्रेक दाबला याची नोंद जाते तीही याच मार्गाने. मदत आणि पाळत यांचा मार्ग एकच असणे, हे या प्रश्नाचे मूळ आहे.

विश्वासाला गेलेला तडा :

या मार्गाचा दुसरा उपयोग मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वृत्तामुळे सर्वांसमोर आला. विम्याचा हप्ता वाढल्याने चकित झालेल्या एका वाहनचालकाने लेक्सिसनेक्सिस या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपनीकडून स्वतःविषयीचा अहवाल मागविला. तो २५८ पृष्ठांचा निघाला. त्यात सहा महिन्यांतील ६४० प्रवासांच्या आरंभ-समाप्तीच्या वेळा, अंतर, वेग आणि ब्रेक यांच्या नोंदी होत्या. ही माहिती गाडीच्या निर्मात्याकडून, म्हणजे जनरल मोटर्सकडून आलेली होती. या वृत्तानंतर कंपनीने लेक्सिसनेक्सिस व व्हेरिस्क या दोन कंपन्यांना माहिती देणे थांबविले. ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सास राज्याच्या महाधिवक्त्यांनी जनरल मोटर्सवर दावा दाखल केला.

हा प्रकार एका कंपनीपुरता मर्यादित मानता येत नाही. मोझिला फाउंडेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडांच्या खासगीपणाविषयक धोरणांची तपासणी केली असता एकही ब्रँड कसोटीस उतरला नाही. सर्व चालकांना आपली माहिती नष्ट करवून घेण्याचा हक्क आहे, असे त्यांपैकी रेनो आणि डाचिया या दोघांनीच म्हटले होते. माहिती विकली नाही तरी ती सुरक्षित राहतेच असे नाही. फोक्सवागेन समूहातील सुमारे ८ लाख विद्युत गाड्यांची माहिती इंटरनेटवर पुरेशा संरक्षणाविना पडून असल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत उघडकीस आले. सुमारे ४ लाख ६० हजार गाड्यांच्या बाबतीत त्यांची ये-जा कळू शकेल इतक्या नेमक्या स्थाननोंदी तीत होत्या. गाडी रोज रात्री कोठे उभी असते हे कळले की मालकाचे घर कळते. ती दवाखान्याबाहेर किती वेळा थांबली हे कळले की त्याचे दुखणेही कळते.

फ्यूज काढण्याचे मोल :

या पार्श्वभूमीवर फ्यूज काढणाऱ्या मालकाची कृती निराधार ठरत नाही. त्याच्यापुढील वैध पर्याय अपुरे आहेत. सेवेचे सदस्यत्व बंद केल्याने सेवा थांबते. मोडेम थांबतोच असे नाही. गाडीच्या पडद्यावरील संमतिपत्र नाकारले तर काय बंद होईल आणि काय चालू राहील, हे अनेकदा स्पष्ट नसते. म्हणून काही मालक फ्यूज काढतात, काही अँटेनाची जोडणी सोडवितात.

मात्र या उपायाला किंमत आहे. फ्यूज निघाला की आपत्कालीन मदतीची कळ निकामी होते. चोरीला गेलेली गाडी शोधता येत नाही, दूरस्थ मार्गाने येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सुधारणा थांबतात. काही मॉडेलांत तोच फ्यूज ध्वनिव्यवस्थेशीही जोडलेला असल्याने मायक्रोफोन किंवा स्पीकर बंद पडतो. शिवाय गाडीशी जोडलेला मोबाइल फोन माहितीसाठी निराळी वाट खुली ठेवतोच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणता फ्यूज काढावा याचे ज्ञान ज्याला आहे आणि वॉरंटीचा वाद अंगावर घेण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच हा मार्ग खुला आहे. खासगीपणा हा हक्क असेल तर तो पान्हा हाती धरता येणाऱ्यांपुरता राहता कामा नये.

आक्षेप आणि त्यांचा विचार :

या मालकांवरील प्रमुख आक्षेप असा की, मागोवा यंत्रणा जीव वाचविते आणि ती बंद करणारा स्वतःसह इतरांनाही धोक्यात घालतो. या आक्षेपात तथ्य आहे. निर्जन रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या चालकासाठी आपोआप गेलेला संदेश हाच अखेरचा आधार असू शकतो. तथापि, सुरक्षेचा हा दावा कंपन्यांच्या व्यवहाराशी ताडून पाहावा लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये इलिनॉय राज्यात एका दोन वर्षांच्या मुलासह गाडी पळविली गेली. पोलिसांनी गाडीचा ठावठिकाणा विचारला, तेव्हा सेवेची विनामूल्य मुदत संपल्याचे सांगून प्रतिनिधीने आधी १५० डॉलर भरण्याची अट घातली. फोक्सवागेनने नंतर ही कार्यपद्धतीतील गंभीर चूक असल्याचे मान्य केले. सुरक्षा हे प्रयोजन आणि सुरक्षा ही विक्रीची वस्तू, यांतील अंतर या घटनेतून दिसते.

दुसरा आक्षेप असा की, ज्याला लपविण्यासारखे काही नाही त्याने माहितीची चिंता का करावी? याचे उत्तर कौटुंबिक हिंसाचाराने पीडित स्त्रियांच्या अनुभवात आहे. घर सोडून गेलेल्या पत्नीच्या गाडीचे खाते पतीच्या नावावर असल्यास तिचा ठिकाणा त्याला फोनवर दिसत राहतो. तिने लपविण्यासारखे काहीही केलेले नाही. तरीही लपणे ही तिची गरज आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार, अशा पीडितेने रीतसर विनंती केल्यानंतर कामकाजाच्या दोन दिवसांत अत्याचाऱ्याचा दूरस्थ प्रवेश तोडणे निर्मात्यांना बंधनकारक झाले.

कायद्याची दिशा :

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धच्या कारवाईची घोषणा केली. काही वेळा दर तीन सेकंदांनी इतक्या वारंवार स्थान नोंदविले जात होते, असा आयोगाचा आरोप होता. जानेवारी २०२६ मध्ये अंतिम झालेल्या आदेशानुसार, चालकाच्या स्थानाची व वर्तनाची माहिती ग्राहक-अहवाल देणाऱ्या संस्थांना पुरविण्यास कंपनीला पाच वर्षे मनाई करण्यात आली. ज्या गाडीत तशी तांत्रिक सोय आहे, तेथे नेमक्या स्थानाची नोंद बंद करण्याची मुभा मालकाला द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. फ्यूज काढणारा मालक जे हाताने करीत होता, तेच आता कायदा मान्य करतो, हे लक्षणीय आहे.

याहून मूलगामी विचार युरोपीय संघाच्या ‘ई-कॉल’ नियमात आढळतो. ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींत आपत्कालीन संदेशाची सोय सक्तीची झाली. मात्र २०१५ च्या मूळ नियमानेच या यंत्रणेला सतत मागोवा घेण्यास मनाई केली, स्मृतीत अखेरच्या तीनच स्थाननोंदी ठेवण्याची मर्यादा घातली आणि कंपन्यांच्या व्यापारी सेवांशी वैयक्तिक माहितीची देवाणघेवाण होऊ नये असे बंधन घातले. मदत आणि पाळत यांची फारकत तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, हे यावरून सिद्ध होते. फोक्सवागेन प्रकरणातील माहिती कंपनीच्या स्वतःच्या सेवेतील होती. म्हणजे एक वाट बंदिस्त केली तरी शेजारची वाट मोकळी राहते, हेही विसरून चालणार नाही.

भारतातही इंटरनेटशी जोडलेल्या खासगी गाड्या विक्रीस आल्या असल्याने हा प्रश्न परका राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि विनाअट असावी लागते. शिवाय ती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. शोरूममध्ये चाव्या स्वीकारताना एका स्पर्शाने दिलेली संमती मागे घेण्यासाठी फ्यूजपेटी उघडावी लागत असेल, तर ती या कसोटीवर टिकणार नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, मागोवा यंत्रणा निकामी करणारा वाहनमालक सुरक्षेचा शत्रू नाही. सुरक्षा हवी असेल तर पाळतही स्वीकारा, हा त्याच्यापुढे ठेवलेला सौदा त्याला अमान्य आहे. त्याच्या कृतीचे समर्थन करताना तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे : तो एकटा सुटतो, तोही अर्धवट, आणि अपघाताच्या क्षणी मदतीवाचून राहण्याचा धोका पत्करून. त्यामुळे मदतीची वाट चालू ठेवून माहितीची वाट बंद करणारी स्वतंत्र कळ प्रत्येक गाडीत असणे, ही किमान अपेक्षा ठरते. ती कळ बसविण्याचे दायित्व निर्मात्याचे व तिची सक्ती करण्याचे दायित्व कायद्याचे आहे. तोपर्यंत काढलेला फ्यूज हाच वाहनमालकाचा नकार राहील, आणि या नकाराची किंमत त्यालाच मोजावी लागेल.