‘अचूकता ९९ टक्के’ दिसली की आधी हे तपासा

रिफायनरीतल्या एआयवरचे पेपर वाचायला घेतलेत, तर एक डेटासेट तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: डीब्युटनायझर. सिसिलीतल्या सिराक्यूज भागातल्या रिफायनरीचा. फोर्तुना आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या सॉफ्ट सेन्सरवरच्या पुस्तकामुळे तो सगळीकडे पोचला. २,३९४ नोंदी, सात इनपुट (तापमानं, दाब, प्रवाह). त्यावरून ओळखायचं काय, तर स्तंभाच्या तळातून निघणाऱ्या नाफ्थात ब्युटेन किती उरलंय.

ब्युटेन वरून एलपीजीकडे जायला हवं. तळाशी जास्त राहिलं की पेट्रोलचा बाष्पदाब चढतो. आणि गंमत म्हणजे मोजणारं यंत्र पुढच्या दुसऱ्याच स्तंभावर बसवलेलं आहे, त्यामुळे आकडा मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. तोवर ऑपरेटर अंदाजावर. मग तो धोका नको म्हणून गरजेपेक्षा जास्त उष्णता देत राहतो. सॉफ्ट सेन्सर हवा तो यासाठी.

आता माझी तक्रार. बरेच पेपर या नोंदी पत्त्यांसारख्या पिसतात आणि ८० टक्के शिकवायला, २० टक्के तपासायला घेतात. पण या नोंदी एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या आहेत! टेस्टमधल्या नोंदीची अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही भावंडं मॉडेलने आधीच पाहिलेली असतात. मधली जागा भरायला एआय कशाला लागतं? काही जण तर त्याच्याही पुढे जाऊन लगेच आधीचा मोजलेला आकडाच इनपुट म्हणून देतात. अहो, तो आकडा प्लँटमध्ये वेळेवर मिळत नाही, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप!

हे मी वरून बोलत नाहीये. पहिल्या वर्षी मीही दोन्ही चुका केल्या. आलेखात दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, आणि मी तो मिरवत गाईडकडे गेलो. ते एवढंच म्हणाले, “मॉडेल बाजूला ठेव. आधीचाच आकडा पुढे ढकल, किती येतं बघ.” जवळपास तेवढंच आलं. मग नोंदी वेळेनुसार तोडल्या, आधीचा आकडा प्रत्यक्षात जेवढा उशिरा येतो तेवढाच उशिरा दिला, आणि आलेख कोसळला. दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही.

आणखी एक गोष्ट सहज सुटते. हा डेटा ० ते १ मध्ये बसवलेला आहे. त्यामुळे चूक कितीही छोटी दिसली, तरी खऱ्या टक्क्यांत ती चालण्यासारखी आहे का, हे त्यावरून कळत नाही. शिवाय सरासरी चूक बघून फसू नका. प्लँट शांत चालू असताना कुठलंही मॉडेल शहाणं वाटतं. ब्युटेन अचानक उसळतं तेवढे तुकडे वेगळे काढून बघा. ऑपरेटरला सेन्सर लागतो तो तेव्हाच.

माझ्या पेपरमध्ये त्या तुकड्यांवरचा आकडा कमीच आलाय. गाईडनी तो तसाच ठेवायला सांगितलाय, पहिल्या तक्त्यात.