नाव न विचारलेली मुलगी

वर्गात शिरल्यावर शिक्षक आधी हजेरी घेतो. चाळीस नावे, आणि प्रत्येक नावामागून येणारे एक 'हजर!' या सवयीमुळेच की काय, स्टीव्ह मकरी यांच्या एका जगप्रसिद्ध छायाचित्रापुढे मी दरवेळी अडखळतो.

१९८४ साली हा अमेरिकन छायाचित्रकार पाकिस्तानात, पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत गेला. तेथे तंबूत भरणाऱ्या शाळेत त्याला बाराएक वर्षांची एक अफगाण मुलगी दिसली. जून १९८५ मध्ये ती 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर झळकली. मला तो अंक पुष्कळ वर्षांनी एका रद्दीवाल्याकडे सापडला. रद्दी घालायला गेलो होतो, ती घेऊन परत आलो. घरी काय ऐकावे लागले ते सांगत नाही.

चित्र म्हणून त्यात खोड काढायला जागा नाही. तांबूस शाल, तिला पडलेली भोके, त्यांतून डोकावणारा आतला हिरवा कपडा, मागेही हिरवटपणा, आणि या साऱ्यांच्या मधोमध रोखलेले ते हिरवे डोळे. कादंबरीकाराने दहा पाने खर्ची घालूनही जे साधत नाही, ते तेथे एका नजरेत साधले आहे. खरे सांगायचे तर मला मत्सर वाटतो.

पण मुखपृष्ठावरच्या ओळीने त्या डोळ्यांत भीती आहे असे सांगून टाकले, आणि आपण सर्वांनी ते मुकाट्याने मानले. २००२ साली मकरी पुन्हा तिच्या शोधात गेले. तेव्हा कुठे शरबत गुला हे नाव जगाला कळले. तोवर तिने स्वतःचे ते चित्र पाहिलेच नव्हते! तिला त्या दिवसाचे काय आठवत होते? राग. एक परका माणूस समोर उभा राहिला, याचा राग. म्हणजे सतरा वर्षे आपण जी भीती वाचत होतो, तो राग होता. नाव विचारले असते, दोन शब्द बोलणे झाले असते, तर ही चूक टळती असे मला वाटते. पुढे २०१६ साली खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानने तिला अटक करून अफगाणिस्तानात धाडले. २०२१ साली इटलीने आसरा दिला. साऱ्या जगाने ओळखलेल्या चेहऱ्याला ओळखपत्राची वानवा पडावी!

याउलट आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९४८ सालचे श्रीनगरचे चित्र पाहा. हरिपर्वताच्या टेकडीवर काही मुसलमान स्त्रिया प्रार्थनेला उभ्या आहेत, आपल्याकडे पाठ करून. एकीचे हात पुढे पसरलेले. पलीकडे डोंगर आणि ढग. नावे त्यांनीही दिलेली नाहीत, हे मान्य. पण तेथे कोणाचे मन वाचल्याचा आव नाही. परक्या मुलुखात कॅमेरा घेऊन गेलेला माणूस तेथे त्या स्त्रियांच्या मागे उभा राहिला आहे, आणि म्हणून मला ते चित्र अधिक मोठे वाटते.

दोन्ही चित्रे मी आठवीच्या वर्गात दाखवली. पहिले पाहताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, तिचं नाव काय?" दुसऱ्याच्या वेळी नाव कोणी विचारले नाही. एका मुलीने विचारले, "त्या काय बघताहेत?" आणि सारा वर्ग त्या डोंगराकडे पाहू लागला.