यक्षांचा भार आणि आपली कंबर

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागी सहा यक्ष ओसरीच्या तुळया खांद्यावर पेलून आहेत. भार दाखवण्यात शिल्पकार पटाईत. पण यक्ष अर्धेच वर आलेले, कंबरेखालचे सारे जमिनीत.

पाठदुखीबद्दल वर्गात बोलताना आम्ही शिक्षकही असेच करतो. ‘पाठ ताठ ठेव’ म्हणतो आणि कणा जिच्यावर उभा आहे ती श्रोणी विसरतो. मांडी उचलणारे स्नायू तिची पुढची कड खाली ओढतात; पोटाचे आणि नितंबांचे स्नायू तिला सावरतात. ही ओढाताण बिघडली की श्रोणी पुढे कलते, कंबर खोलगट होते, पाठ दुखते. प्रागचे डॉक्टर व्लादिमीर यांदा यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली ही मांडणी सुबक आहे.

जरा जास्तच सुबक. १९८७ साली वॉकर व सहकाऱ्यांनी ३१ निरोगी तरुणांची मोजमापे घेतली. पोटाच्या स्नायूंची कामगिरी, श्रोणीचा कल आणि कंबरेची खोली यांत संबंध आढळला नाही. पाठ न दुखणाऱ्या पुष्कळांची श्रोणीही पुढे कललेलीच असते. मग खोलगट कंबरेच्या मुलीला प्रार्थनेच्या रांगेत सर्वांदेखत ‘सरळ’ करण्याचा अधिकार आम्हाला कोणत्या शास्त्राने दिला? तिची पाठ खरोखरच दुखत असेल, तर ती एका जागी किती तास बसून असते ते आधी विचारू.