चंद्र, पार आणि पुरावा

१९६९ साली मी वडूजला शाळेत शिकत होतो. २१ जुलैच्या सकाळी, आपल्या घड्याळाप्रमाणे साडेआठच्या सुमारास, माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले. ती हकीकत छापलेले वर्तमानपत्र एस.टी.ने आले आणि मी ते पारावर मोठ्याने वाचून दाखविले. माझे आजोबा, म्हणजे आबा, सारे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "वाचलंस झ्याक. पर तू बघितलंस का?" पार हसला. मी चिडून आबांना चारचौघांत 'अडाणी' म्हणालो. तो शब्द मला आजही बोचतो.

माणूस चंद्रावर गेला की नाही, या वादाची दोन्ही बाजूंनी पुष्कळ टिंगल झाली आहे. समीक्षा मात्र फारशी झालेली नाही. वस्तुतः हा वाद वाङ्मयाच्या अभ्यासकाला जवळचा वाटावा असा आहे. कारण दोन्ही पक्ष चंद्रयात्रेकडे एक कथा म्हणून पाहतात आणि कथेला लावायची कसोटीच तिला लावतात. अ‍ॅरिस्टॉटलने नाटककाराला सांगून ठेवले आहे की, शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य असूनही पटणारी गोष्ट बरी. हा नियम रंगभूमीवर ठीक आहे. इतिहासाला तो लावला की घोटाळा होतो.

या घोटाळ्याचे एक गमतीदार उदाहरण आमच्याच जिल्ह्याशी निगडित आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी दूर कोचीनमधून 'केरळ कोकिळ' हे मराठी मासिक चालविले आणि ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठी वाचकाला भेटली ती याच मासिकातून, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ सालची. तीन प्रवासी एका पोकळ गोळ्यात बसतात आणि फ्लॉरिडातील प्रचंड तोफ त्यांना चंद्राकडे उडवते. अशा तोफेच्या पहिल्याच हिसक्याने त्या तिघांचा चुराडा झाला असता. तरीही वाचकाने ती कथा मानली, कारण व्हर्नने हिशेब मांडला, वजने दिली, खर्च सांगितला. पुढे १९६९ साली त्याच फ्लॉरिडातून तीनच माणसे खरोखर निघाली, तेव्हा तोच योगायोग संशयखोरांना बनावाचा वास देऊ लागला. खोटी गोष्ट पटली आणि खरी पटेना!

टेंभू हे आगरकरांचेही जन्मगाव. तेव्हा आमच्या जिल्ह्याला कल्पनेचे वावडे नाही, तसे शंकेचेही नाही. प्रश्न एवढाच की, शंका कोणत्या जातीची?

आबांची शंका कोणत्या जातीची होती हे मला पुष्कळ उशिरा समजले. आमचा खटाव तालुका दुष्काळी. येरळेचे पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडे. आमच्या शिवारातला एक बांध त्याआधीच कागदावर पुरा झाला होता. शिवारात त्याचे चार दगडही नव्हते. ज्या माणसाने छापील, शिक्क्याचा बांध असा पाहिला, त्याने छापील चंद्रावर लगेच विश्वास का ठेवावा? त्याची शंका अज्ञानातून आलेली नव्हती, अनुभवातून आलेली होती. उलट माझ्या विश्वासामागे काय होते? पुरावा नव्हे, शाळेचा आणि छापील अक्षराचा दरारा. माझा निष्कर्ष बरोबर होता, पण तो उसना होता.

तथापि अनुभवातून आलेली शंका आदरणीय असली, तरी ती तेथेच थांबली की तिचा हट्ट होतो. "बघितलंस का?" या प्रश्नापुढची पायरी "मग कळायचे कसे?" ही आहे. चित्रात तारे का नाहीत, असे विचारतात. लग्नाच्या मांडवात रात्री झगझगीत दिव्यात काढलेल्या फोटोत तरी मागच्या आभाळातले तारे कोठे उमटतात? झेंडा वाऱ्याविना पसरलेला कसा, तर त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती म्हणून. पण ही किरकोळ उत्तरे झाली. वडूजच्या कोर्टात बांधाचे दावे ज्याने पाहिले आहेत त्याला खरा पुरावा सहज कळेल. विरुद्ध पक्षच जेथे हरकत घेत नाही, तेथे दावा पक्का. त्याच आठवड्यात रशियाचे लूना-१५ हे यान चंद्रावर कोसळले. अमेरिकेचा बनाव उघडा पाडण्याची सर्वांत अधिक गरज आणि साधने रशियालाच होती. त्याने हरकत घेतली नाही. सहा मोहिमांतून आलेले ३८२ किलो दगडमातीचे नमुने जगभर तपासले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील विश्वकिरणांच्या सूक्ष्म खुणा अभ्यासल्या. तेथे ठेवलेल्या परावर्तकांवर सोडलेला प्रकाश सुमारे अडीच सेकंदांत परत येतो.

श्रद्धावंतांचा आणखी एक वर्ग आहे. अपोलोला पुरावा मागणारे यातले काही जण, शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा मात्र पुराव्याविना स्वीकारतात. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दिला आहे. तो त्यांच्या कानी जात नाही. अभिमानाला सुखावणारी कथा आपण तपासत नाही. संशयखोर आणि भाबडा हे पुष्कळदा एकाच माणसाचे दोन खिसे असतात.

१९७९ च्या जुलैत स्कायलॅब कोसळणार म्हणून गावोगाव घबराट झाली. मी सुट्टीवर घरी होतो. आबांनी अंगणातली खाट आत घेतली. मी सूड उगवल्यासारखे विचारले, "आबा, जे वर गेलंच नाही ते खाली कसं पडेल?" ते म्हणाले, "वर गेल्याचं खोटं निघालं तर माझं काय जात न्हाई. पडल्याचं खरं निघालं तर टकुरं माझं फुटंल." ११ जुलैला ती सामग्री हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. आमच्या अंगणात काही आले नाही. पण कोणत्या चुकीची किंमत कोण मोजतो, हे विचारल्याशिवाय शंकेचे मोल ठरत नाही, हा धडा मला तेथे मिळाला.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चंद्रयान-३ उतरले, तेव्हा आबा नव्हते. शेजारच्या एका मुलाने मोबाइलवर ते दृश्य दाखविले आणि लगेच विचारले, "आजोबा, हे खरं असेल ना?" यावेळी मी 'अडाणी' म्हणालो नाही. त्याला म्हणालो, "बस. कसं कळतं ते आपण दोघं मिळून पाहू."