पाणचट विनोदाची कैफियत

विनोदाची प्रतवारी लावण्याचा छंद आपल्या टीकेला फार जुना आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' मराठी वाचकांपुढे ठेवले, त्या काळापासून उच्च विनोद कोणता आणि हीन विनोद कोणता याचा खल चालू आहे. न. चिं. केळकरांनी तर 'हास्यविनोदमीमांसा' हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या खलातून जी पंगत बसली, तीत स्वभावनिष्ठ विनोदाला यजमानाशेजारचा पाट मिळाला, प्रसंगनिष्ठ विनोद त्याच्या पलीकडे बसला, आणि शाब्दिक कोटीला दाराजवळ का होईना, जागा झाली. पाणचट विनोदाला मात्र कोणी आमंत्रणच धाडले नाही.

हा न बोलावलेला पाहुणा आज घरात सर्वांच्या आधी उठलेला असतो. दूध तापायच्या आत तो फोनवर हजर होतो. शाळासोबत्यांचा गट, मावसबहिणींचा गट, निवृत्त सहकाऱ्यांचा गट. जेथे चार माणसे दुरून एकमेकांशी बोलू लागली, तेथे हा येऊन बसलाच म्हणून समजा. अनेक घरांत रोजचे मराठी वाचन होते ते बव्हंशी याच वाटेने. तेव्हा टीकाकाराने नाक मुरडून पुढे जावे इतका हा प्रकार आता क्षुल्लक राहिलेला नाही. त्याची कैफियत एकदा ऐकून घेतली पाहिजे, आणि ऐकल्यावर निवाडाही दिला पाहिजे.

आधी एक नमुना पाहू. शाळेपासूनच्या चार मैत्रिणी आहेत अशी कल्पना करा. एक नाशिकला, एक कोल्हापूरला, एक पुण्याला आणि एक दूर न्यू जर्सीला. दिवाळीच्या आधीचा आठवडा आहे. त्यांचे बोलणे साधारण असे चालेल :

"अगं, माझे बेसनाचे लाडू वळतच नाहीयेत."

"मग सरळ जाऊ देत. पुढच्या चौकात वळतील."

"तू गप्प बस! तूप कमी पडलं असेल गं. चमचाभर गरम तूप घालून बघ."

"माझं ऐका. मी शेव करायला बसले आणि चकली!"

"आता हिलाच कुणीतरी सोऱ्यात घाला."

वाङ्मय म्हणून याची किंमत काय? 'वळणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आणि 'चकली' या शब्दाची दोन रूपे. एवढ्या भांडवलावर कोणी नाटककार दोन ओळीही लिहिणार नाही. पण जरा थांबून पाहा. या पाच ओळींत एकीची अडचण मांडली गेली, दुसरीने तिची चेष्टा केली, तिसरीने तिला तुपाचा उपाय सांगितला, आणि दहा-बारा हजार किलोमीटरवर बसलेली चौथी काही क्षण आपल्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन आली. विनोद मधूनच आला आणि मधूनच विरून गेला. त्याचा कर्ता कोण, असे विचारले तर चौघींपैकी कोणाचेही एकटीचे नाव घेता येणार नाही. शेवटच्या ओळीतला तो लटका राग हीच त्याची दाद! थोर विनोदाला टाळ्या पडतात; पाणचट विनोदाला कपाळावर मारलेला हात पुरतो. ज्याच्या विनोदावर आपण मोकळेपणाने कपाळ बडवून घेऊ शकतो, तो माणूस आपला असतो. परक्याच्या फसलेल्या विनोदावर आपण सभ्यपणे हसतो.

पोलंडमध्ये जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिले होते. त्यांनी १९२३ साली एका निबंधात एक साधी पण दूरवर जाणारी गोष्ट मांडली. माणसे पुष्कळदा जे बोलतात ते काही कळवण्यासाठी बोलतच नाहीत. हवापाणी, खुशाली, सर्वांना ठाऊक असलेल्याच गोष्टी, या बोलण्याचे काम एवढेच, की बोलणारे एकमेकांना बांधलेले राहावेत. मराठी माणसाला हे शिकायला बेटांवर जावे लागत नाही. 'शिळोप्याच्या गप्पा' हा शब्द आपल्याकडे आहेच. "जेवलीस का?" या प्रश्नाला "हो" एवढेच उत्तर येणार हे विचारणारीला ठाऊक असते, तरी ती विचारते. पाणचट विनोद हा या "जेवलीस का?"चाच भाऊ आहे. त्याला साहित्याच्या तराजूत घालणे म्हणजे शेजारणीने विचारलेल्या खुशालीचे व्याकरण तपासण्यासारखे आहे.

पण ओसरीवरच्या गप्पा आणि फोनवरच्या गप्पा यांत एक मोठा फरक आहे. ओसरीवर चेहरा दिसतो. डोळा मिचकावलेला दिसतो, ओठाच्या कोपऱ्यात दाबलेले हसू दिसते. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. या उणिवेतून जे घडले त्याची एक अस्सल हकिकत अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातली आहे. तेथील कार्नेगी मेलन विद्यापीठातली संगणकशास्त्राची मंडळी १९८२ साली संगणकावरच्या एका सामाईक फलकावर एकमेकांना मजकूर लिहीत असत. कामाच्या सूचना, हरवले-सापडले आणि त्यांच्या जोडीला भरपूर थट्टा. त्या सप्टेंबरात थट्टेचा विषय असा निघाला, की दोर तुटून लिफ्ट खाली कोसळू लागली तर आतल्या जळत्या मेणबत्तीचे, कबुतरांचे, पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? यावर एकाने गंभीर चेहऱ्याने लिहिले, की अशा एका प्रयोगामुळे इमारतीतल्या एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. आधीचा संवाद न वाचलेल्यांनी ही सूचना खरी मानली!

मग थट्टेच्या मजकुराला काही खूण असावी की काय, यावर थट्टेनेच चर्चा झाली. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या संशोधकाने सुचवले, की आडव्या चेहऱ्यासारखी दिसणारी तीन चिन्हे जोडावीत : आपल्या विसर्गासारखे दोन ठिपके, एक लहान आडवी रेघ आणि एक कंस. मान डावीकडे कलती करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. कंस उलटा केला की तोच चेहरा रडवेला होतो. हा मूळ मजकूर पुढे हरवला होता. २००२ साली जुन्या फितींतून तो शोधून काढण्यात आला. आज आपण बोटाच्या टोकाने ज्या पिवळ्या चेहऱ्यांची उधळण करतो, त्यांचा एक मूळपुरुष हा असा लिफ्टच्या पाणचट विनोदातून जन्मला.

येथे कोणी साहित्याचा अभिमानी म्हणेल, की ज्या विनोदाला 'हा विनोद आहे' अशी पाटी लावावी लागते तो विनोदच नव्हे. पुस्तकापुरते हे खरे आहे. चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाला अशी पाटी लावली असती तर ते पान फाडून टाकावेसे वाटले असते. परंतु पुस्तक सर्वांसाठी असते आणि लेखकाला वाचकाच्या कपाळावरची आठी दिसत नाही. मैत्रीत लिहिलेली ओळ एका ठराविक माणसासाठी असते. त्या माणसाच्या मनाला लागू नये म्हणून एक कंस जोडणे हा कलेतला दोष असेल, पण माणुसकीतला गुण आहे. फालमन यांच्या त्या तीन चिन्हांत मला कलेपेक्षा सौजन्य अधिक दिसते.

मात्र कोणतेही नाणे फार पाडले की त्याची किंमत उतरते. डोळ्यांत पाणी येईतो हसणारा चेहरा २०१५ साली ऑक्सफर्ड शब्दकोशकारांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आज तो चेहरा पाठवणारा पुष्कळदा स्मितही करीत नसतो. गाण्याच्या बैठकीत घड्याळ पाहत 'वाहवा' म्हणणाऱ्या श्रोत्यासारखी त्याची गत झाली आहे. अशा दहा वाहवांपेक्षा "किती घाण कोटी केलीस रे!" हे एक वाक्य मला अधिक जिवंत वाटते. त्यात निदान कोणीतरी ऐकले आहे.

आणि येथूनच कैफियतीची दुसरी बाजू सुरू होते. लाडवांची ती कोटी त्या क्षणी, त्या मैत्रिणीसाठी झाली. तिची मजा लाडू बिघडण्यात होती. आता आपल्या फोनवर जे विनोद येतात त्यांतले किती असे असतात? बहुतेक विनोद कोठून तरी आलेले आणि कोठे तरी जाणारे असतात. पाठवणारा हा फक्त मधल्या स्थानकावरचा हमाल. त्याने विनोद केलेला नसतो, सांगितलेलाही नसतो. एखादे वेळी तो शेवटपर्यंत वाचलेलाही नसतो. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी निवर्तले आणि व्हॉट्सअ‍ॅप निघाले २००९ साली. तरीही ते तेथे नित्यनेमाने नवनवे विनोद लिहीत असतात! ज्याने 'बटाट्याची चाळ'मधले एकेक बिऱ्हाड वेगळ्या आवाजात बोलते केले, त्याच्या नावावर कोणत्याही आवाजाचा नसलेला मजकूर खपावा, यापरता विपर्यास कोणता? जुना विनोद सांगण्यात काही पाप नाही. गप्पांतले विनोद सदाच उसनवारीचे असत. परंतु सांगणारा त्यात आपल्या गावचे नाव घाली, आपल्या मामाला ओढी, मध्येच स्वतःच हसून शेवट बिघडवी. त्या बिघडवण्याने विनोद त्याचा होत असे. पुढे ढकललेल्या विनोदात शेवट बिघडत नाही, म्हणूनच त्यात कोणी सापडत नाही.

या बोटाच्या सवयीचे गांभीर्य केवळ वाङ्मयीन नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. सणाच्या अंकात ही आठवण कडू वाटेल. पण अफवा आणि विनोद यांचा रस्ता एकच आहे आणि न वाचता पुढे सरकवणारे बोटही एकच आहे. विनोद पाठवताना "हे मी अमक्याला का पाठवतो आहे?" एवढा प्रश्न ज्याला पडतो, तो अफवेपाशीही क्षणभर थांबण्याची शक्यता अधिक.

दुसरी कसोटी अशी, की हसण्याचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते? फिरत्या विनोदांत ते बहुधा बायकोच्या नावावर फाटते, नाहीतर जाड्या माणसाच्या, तोतऱ्याच्या, खेडवळाच्या. आपली विनोदाची परंपरा याहून उदार आहे. कोल्हटकरांचा सुदामा आपले मित्र बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्यासह स्वतःच हसू ओढवून घेतो. चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. सांगणारा आधी स्वतः घसरतो आणि मग वाचकाला हसण्याची मुभा देतो, ही मराठी विनोदाची कुलरीत आहे. "मी शेव करायला बसले आणि चकली!" ही ओळ कितीही पाणचट असली तरी त्या कुळातली आहे. बायकोवरचा शंभरावा विनोद कितीही चटकदार असला तरी तो त्या कुळातला नाही. ज्या गटात अशा विनोदांवर पन्नास जण हसरे चेहरे चिकटवतात, तेथे गप्प बसलेल्या दोघी-तिघींकडे कोणाचे लक्ष जात नाही. हशाची मोजदाद सोपी असते. मौनाची कोण करणार?

तेव्हा निवाडा असा. पाणचट विनोद पाणचट आहे म्हणून दोषी नाही. पाणचट म्हणजे पाण्यासारखा. मेजवानीत पाण्याची स्तुती कोणी करीत नाही, पण पाण्यावाचून पंगत उठते. तो कोणासाठी केला आणि कोणाच्या जिवावर केला, एवढेच टीकाकाराने पाहावे. आपल्या माणसासाठी, आपल्याला मिळालेल्या क्षणातून, आपल्याच फजितीवर केलेली भिकार कोटी ही त्या माणसाला दिलेली भेट आहे.

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर जातात. एखाद्या ताटातली चकली मऊ पडलेली असते, शंकरपाळे करपलेले असते. तरी ते आपण कौतुकाने खातो, कारण त्यावर कोणाच्या तरी हाताचा ठसा असतो. त्याच दिवसांत सोनपापडीचा एखादा डबाही येतो, आणि न उघडता तिसऱ्या घरी रवाना होतो. तो खराब असतो असे नाही. त्याला घर तेवढे नसते.