दगडावर आकडा, वहीत नाव

मंडळी, ट्रॉम्बे-मानखुर्दच्या वस्त्यांत कोकणातून, घाटावरून आलेली घरं पुष्कळ. एखाद्या घरात एवढंच ठाऊक असतं, की खापरपणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले ते आलेच नाहीत. मग पहिला प्रश्न: त्यांची कबर कुठे?

हा प्रश्नच आपण तपासू. हिंदू शिपायाला त्याच्या रीतीप्रमाणे अग्नी द्यायचा; तिथे कबर कुठून असणार? शोधायचं ते नाव. आणि ते नाव कुठे कोरलं, कुठे गाळलं, यावर आमचा आक्षेप आहे.

103, 110 आणि 117 या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूतचा वेढा 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत चालला. ज्यांच्या कबरी माहीत नाहीत त्यांच्यासाठी 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिशांची नावं आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांची आहेत. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा.

लोक म्हणतात, 'काळच तसा होता.' आम्हाला हे पटत नाही. त्याच वॉर ग्रेव्हज कमिशनने 1927 मध्ये फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरली. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी, 1821 मध्ये पायाभरणी झालेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कंपनी सरकारने शिपायांची नावं घातली. त्यांत '-नाक' लावलेली महार शिपायांची नावं आजही वाचता येतात. म्हणजे रीत ठाऊक होती. युरोपात जे जमलं ते बसऱ्यात केलं नाही, एवढंच. 2021 मध्ये कमिशनने ही विषमता अहवालात मान्य केली, माफीही मागितली.

तरी त्या आकड्यामागे माणसं आहेत. कमिशनच्या नोंदवहीत नावं आहेत आणि ती ऑनलाइन शोधता येतात. पुष्कळदा नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. पण स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाचं! म्हणून नुसत्या आडनावावर थांबू नका. पलटण आणि गाव धरून, चार प्रकारे लिहून बघा.

आणि त्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना पलटणीचा नंबर आणि मूळ गाव विचारून घ्या. दगडाने जे सांगितलं नाही ते आता त्यांच्याकडूनच कळेल, आणि ते काही कायमचे बसलेले नाहीत.